माझ्या नावाचा नंबर

१३ जुलै २००८, रविवार

माफ कर, वही, मे महिन्यानंतर आज तुझ्याकडे येतो आहे. गुडघा दुखत होता हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही. लिहायला बसलं की जे लिहायचं नाही तेच आधी पुढे येतं, म्हणून टाळत होतो. आज टाळून चालणार नाही. परवा मी एक सही केली आणि माझ्या मुलीला, आसावरीला, सांगितलं नाही.

शेजारच्या इमारतीत सुशांत राहतो. पुण्याचा, इथे अमेरिकेत एकटाच, कॉम्प्युटरच्या नोकरीवर. तळ्याकाठच्या बाकावर ओळख झाली. कोणी म्हातारा भेटला की त्याला काका म्हणतो. गेल्या आठवड्यात म्हणाला, "काका, शुक्रवारी नवा फोन लाँच होतोय. मला तुमचं नाव पाहिजे."

"माझं नाव कशाला?"

मग समजावलं. हा फोन भाजीसारखा पैसे टाकून उचलता येत नाही. दुकानात स्वतःच्या नावाचं खातं उघडायचं, नंबर घ्यायचा, दोन वर्षं त्याच कंपनीला बांधून राहायचं, तेव्हा फोन हातात पडतो. एका नावावर एकच. मागणी इतकी की लोक जास्तीचे पैसे मोजून दुसऱ्याकडून घेतात. सुशांतचं स्वतःचं नाव वापरून झालं होतं. मित्रांची झाली होती. "तुमचं एकदम कोरं आहे यार काका."

आसावरी आणि जावई राजेशराव ऑफिसला गेले आणि आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो. पोरं घडीच्या खुर्च्या घेऊन आली होती. सुशांतने माझ्यासाठीही आणली होती. पुढची एक बाई मला बघून हसली, काहीतरी म्हणाली. सुशांत म्हणाला, "ती विचारतेय, तुम्हाला फोन येतो का चालवता?" मी म्हटलं, तिला सांग, पलीकडे माणूस उचलेल एवढा फोन मला पुरतो.

काउंटरवरच्या मुलीने माझा इथला सरकारी ओळख नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि म्हणाली, "गुड क्रेडिट, सर." म्हणजे पत चांगली. आसावरीने दोन वर्षांपूर्वी तिच्या क्रेडिट कार्डावर माझं नाव जोडलं होतं, त्याचा हा गुण. बार्शीला माझं सोड्याचं दुकान होतं तेव्हा बर्फवाला मला लादीभर बर्फ उधार देत नव्हता. इथे मला न ओळखणारी पोर म्हणते, गुड. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. सही ठळक केली.

बाहेर आल्यावर सुशांतने खोका घेतला आणि माझ्या खिशात नोटांची घडी सरकवली.

१४ जुलै

कशासाठी केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे निदान मला तरी कळेल.

आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. माझ्या वडिलांनी माझ्या बहिणीच्या दारात जाऊन येताना कडक उन्हातसुद्धा स्वतःचा तांब्या नेला. मी तिसरं वर्ष जावयाच्या घरी जेवतो आहे. आसावरी म्हणते, आप्पा, ते सगळं जुनं झालं. तिच्यासाठी झालं असेल. माझ्या घशाखाली घास उतरतो, पण थोडा अडकून.

आज माझ्या पैशाने दूध आणलं. केळी आणली. माझा कप, माझं दूध.

आसावरीने फ्रिज उघडून विचारलं, "हे दुसरं दूध कुणी आणलं?"

"माझ्याकडे जुने पैसे होते थोडे," म्हटलं. तिने पुढे विचारलं नाही.

१९ जुलै

सुशांत म्हणतो, फोन गेला. पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज म्हणून गाव आहे, तिथे शिकणाऱ्या एका मुलीने घेतला.

"आणि माझं नाव?"

"नाव कुठे जातंय काका? लाइन तुमच्या नावावरच राहणार. तिला कंपनी डिपॉझिट मागत होती, म्हणून तिने चालू लाइनसकट घेतला. सहा महिन्यांचं बिल तिने मला आधीच दिलंय. मी भरत जाईन. नंतर तिच्या नावावर करू. चिल."

चिल म्हणजे थंड राहा. सोड्याच्या बाटल्या भरण्यात जन्म गेला माझा, थंड कसं ठेवायचं ते मला ठाऊक आहे. माणसाचं वेगळं.

२ ऑगस्ट

त्या कागदावर काय काय लिहिलं होतं? मी वाचलं नाही. वाचलं असतं तरी कळलं नसतं. सातवी पास माणसाने सात पानांवर सही करू नये.

३ सप्टेंबर, बुधवार

गणपती बसले. सुशांत आरतीला आला होता. मोदक खाल्ले, राजेशरावांशी बाजार कोसळतोय यावर बोलला. मी दोनदा त्याच्याकडे बघितलं. त्याने टाळ माझ्या हातात दिले.

१६ सप्टेंबर

सुशांतच्या घराचं दार उघडं होतं, म्हणून आत डोकावलो. एक माणूस भिंतींना पांढरा रंग देत होता. खोली रिकामी. त्याला विचारलं तर म्हणाला, मूव्हड. कुठे ते त्याला काय माहीत.

संध्याकाळी राजेशराव जेवताना म्हणाले, "अरे, तो सुशांत गेला पुण्याला. प्रोजेक्ट बंद पडलं बिचाऱ्याचं. एका आठवड्यात गाशा गुंडाळावा लागला."

मी भात चिवडत राहिलो. त्याचा नंबर लावून बघितला. एक बाई सांगते, हा नंबर आता वापरात नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

पाकीट आलं. माझ्या नावाचं. टपाल मीच आणतो म्हणून बरं. एकेक अक्षर लावून वाचलं. 'पास्ट ड्यू', म्हणजे भरायची मुदत टळली, एवढं कळलं. खाली आकडा. तो बघायला इंग्रजी लागत नाही.

पाकीट गादीखाली ठेवलं. मग वाटलं, आसावरी चादर बदलते. कोटाच्या खिशात ठेवलं. मग वाटलं, ती कोट ड्रायक्लीनला देते. आता पोटाशी बंडीत आहे आणि बसलो की कुरकुरतं.

पोलीस येतील का? आले तर राजेशरावांच्या दारात येतील. शेजारी बघतील. आसावरीला मान खाली घालावी लागेल, माझ्यामुळे, तिच्या नवऱ्यासमोर. मला दुसरं भय नाही. हे एकच आहे.

६ ऑक्टोबर

आज मी माझ्याच नंबरावर फोन लावला. बिलावर छापलेला होता. त्या मुलीला म्हणणार होतो, बाई, फोन परत कर. चांगलं कडक बोलायचं ठरवलं होतं.

"हॅलो, धिस इज निधी." एका दमात, जणू दाराशीच उभी होती.

मी मराठीतच म्हणालो, "मी विष्णू ढगे. तुम्ही ज्या नंबरावर बोलताय तो माझा आहे."

मग म्हणाली, "तुम्ही सुशांतचे काका ना जी?"

"तो सगळ्यांनाच काका म्हणतो."

नागपूरची आहे. तिने सहा महिन्यांचे पैसे सुशांतला खरंच दिले होते. तो गेला हे तिला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, लाइन बंद करतो. तेव्हा तिचा आवाज बदलला.

"काकाजी, प्लीज. नका करू. सगळ्या अर्जांवर हाच नंबर आहे. मी रोज फोनच पाहत बसून राहिली."

तिचं शिक्षण ऑगस्टमध्ये संपलं. त्यानंतर तीन महिने नोकरीशिवाय राहता येतं, मग परत जावं लागतं असा कायदा आहे म्हणे. आणि नेमक्या याच वर्षी कोणी कोणाला घेत नाही. नंबर बदलला तर कोण कुठून फोन करेल तिला कळणार कसं? नवं खातं काढायला डिपॉझिट, आणि तिच्याकडे भाड्यापुरतेच आहेत.

"वडील काय करतात?" मी विचारलं.

"नाहीत. आई शिवणकाम करते."

कडक बोलायचं राहून गेलं.

७ ऑक्टोबर

बसने दुकानात गेलो. बिल रोख भरलं. सुशांतने दिलेल्यातलं जे उरलं होतं ते सगळं त्यात गेलं. वर बोटातली अंगठी काढून ठेवायची वेळ आली नाही एवढंच. परत येताना दूध आणलं नाही.

१२ ऑक्टोबर

निधी रोज सकाळी घरच्या फोनवर एक मिस कॉल देते. मीच सांगितलं. उचलला की तिची मिनिटं जातात. एक रिंग वाजून बंद झाली की समजायचं, मुलगी ठीक आहे, काही नवं नाही. आसावरी तेव्हा आंघोळीला असते. राजेशराव निघून गेलेले असतात.

कधी कधी मी मुद्दाम लावतो. दोनच मिनिटं. ती काय जेवली विचारतो. आज म्हणाली, "मॅगी. काकाजी, तुम्ही एवढं टेन्शन घेऊन राहिले, तर नोकरी मला लागेल की तुम्हाला?"

मला हसू आलं. या घरात मी मोठ्याने हसतो तेव्हा माझं मलाच दचकायला होतं.

२८ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

झालं. कळलं.

दिवे लावून झाले होते. आम्ही तिघं बसून अनारसे खात होतो. फोन वाजला. राजेशराव उठले. फोनच्या काचेवर करणाऱ्याचं नाव उमटतं, ते त्यांनी वाचलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"आप्पा, तुम्ही आम्हाला फोन करताय."

माझ्या हातात अनारसा. मी समोर बसलेला. काचेवर माझं नाव, विष्णू ढगे.

त्यांनी उचलला. पलीकडून निधी म्हणाली असणार, काकाजी, दिवाळीच्या शुभेच्छा. राजेशराव म्हणाले, "तुम्हालाही. आपण कोण?"

सगळं सांगितलं मग. रांग, सही, नोटा, पाकीट. बंडीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

राजेशराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आप्पा, तुमच्या नावावर उद्या काही लागलं तर तुमची सिटिझनशिप अडकेल, कळतंय का? आणि कशासाठी? आमच्या घरात तुम्हाला काय कमी पडत होतं?"

आसावरीला एकदम उमगलं. "आप्पा, ते दुसरं दूध," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

राजेशराव बसून राहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की त्यांच्या घरचं खाताना मला काय वाटतं. त्यांना ते आज कळलं आणि लागलं. मी तीन वर्षं त्यांचा मान ठेवतो आहे असं समजत होतो. त्यांना तो अपमान वाटला. दोन्ही खरं असू शकतं? मला विचार करता येत नाही.

१ नोव्हेंबर

राजेशरावांनी कंपनीशी बोलून घेतलं. मुदतीआधी लाइन तोडली तर दंड आहे, तो ते भरणार. या महिन्याअखेर लाइन बंद. मला म्हणाले, "त्या मुलीला सांगून टाका. महिना पुष्कळ झाला." त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

चार दिवस झाले, जेवताना फक्त चमचे बोलतात.

१४ नोव्हेंबर

निधीला अजून सांगितलं नाही. तिने उलट मलाच आनंदाची बातमी दिली. ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेने तिची फोनवरच मुलाखत घेतली. याच नंबरावर. तास-दीड तास. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, तू आवडलीस, पण पैसे मंजूर व्हायचे आहेत, नाताळाच्या आधी फोन करू.

"म्हणजे लागली?"

"लागली नाही जी. पण नाही असं पण म्हटलं नाही."

तिची मुदत त्याच्याआधीच संपते. मी विचारलं, मग? म्हणाली, "पाहू ना."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

इथला थँक्सगिव्हिंगचा सण. सुट्टी. आसावरी मैत्रिणीकडे गेली होती. राजेशराव बाहेरची पानं गोळा करत होते. मी कोट घालून त्यांच्यामागे गेलो आणि पिशवीचं तोंड धरून उभा राहिलो. बराच वेळ ते पानं टाकत राहिले, मी धरून राहिलो.

मग म्हटलं, "राजेशराव, तुमच्याकडे एक मागायचं आहे."

ते थांबले.

"ती लाइन नाताळापर्यंत चालू ठेवा. बिल तुम्ही भरा. माझ्याकडे नाही."

आयुष्यात जावयाकडे पैसे मागेन असं वाटलं नव्हतं. तेही माझ्यासाठी नाही, न बघितलेल्या मुलीसाठी. माझे वडील असते तर तांब्या घेऊन उठून गेले असते. पण वडिलांना कोणी रोज सकाळी रिंग देऊन मी ठीक आहे असं सांगत नव्हतं.

राजेशरावांनी हातमोजे काढले. म्हणाले, "ती कोण, कुठली, तुम्ही बघितलंय का तिला?"

"नाही."

"मी आलो ना इथे पहिल्यांदा, पंचाण्णव साली, तेव्हा माझ्याकडेही नंबर नव्हता. खालच्या लॉन्ड्रीवाल्याचा द्यायचो." मग पिशवीला गाठ मारत म्हणाले, "ठेवू चालू. पण एक अट आहे, आप्पा. यापुढे दूध मी आणणार. एकच. सगळ्यांचं."

मी हो म्हटलं. दुसरी पिशवी उघडून धरली.

२८ नोव्हेंबर

सकाळचा चहा त्यांच्या दुधाचा. पूर्ण कप प्यालो.

१० डिसेंबर

राजेशराव आता ऑफिसातून आले की आधी विचारतात, "आला का ॲन आर्बरचा फोन?" आसावरी म्हणते, तुम्ही दोघं वधूपित्यांसारखे झाला आहात.

निधीला सांगितलं की लाइन चालू आहे, बिलाची काळजी करू नको, माझ्या जावयाने अंगावर घेतलं आहे. ती मग म्हणाली, "काकाजी, तुम्हाला माझ्यापायी त्यांच्यासमोर हात पसरावा लागला."

मी म्हटलं, "पसरला तर काय झालं? रिकामा परत आला नाही."

सांगायला नको होतं का? मला वाटलं तिला धीर येईल.

१५ डिसेंबर

बर्फ पडतो आहे. इथे एवढा पडत नाही म्हणतात. रस्ते बंद, राजेशराव घरूनच काम करतात. सकाळी रिंग आली नाही. बर्फामुळे तारा तुटल्या असतील. मोबाइलला तार नसते हे राजेशरावांनी सांगितलं.

१७ डिसेंबर

रिंग नाही. मी लावला. वाजतो, कोणी उचलत नाही.

१८ डिसेंबर

नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तिची मुदत कधीच संपली. दुसरा नंबर मी कधी विचारलाच नाही. तिचा एकच नंबर माझ्याकडे आहे आणि तो माझाच आहे. आडनाव विचारलं होतं, नागपुरात त्या आडनावाची माणसं काय दोन-चार असतात? आसावरी कॉम्प्युटरवर शोधते आहे. आजारी तर पडली नसेल? एकटी मुलगी, मॅगी खाऊन.

सकाळपासून अकरा वेळा लावला. राजेशराव म्हणाले, "आप्पा, आता पुरे." मग थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच लावला.

२२ डिसेंबर, सोमवार

आज उचलला. मुलगा होता, इंग्रजीत बोलला. मी फोन आसावरीला दिला. त्याने हा फोन निधीकडून विकत घेतला, तिला विमानाच्या तिकिटाला पैसे कमी पडत होते. ती भारतात परत गेली, मागच्या मंगळवारीच. अंकलचा फोन आला तर उचलू नकोस, मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटते, असं सांगून गेली. मी इतक्यांदा लावला म्हणून शेवटी त्याने उचलला. आणि हो, म्हणाला, शुक्रवारी कुठल्याशा बाईंचा ॲन आर्बरहून फोन होता तिच्यासाठी, मी राँग नंबर सांगितलं.

आसावरीने त्याच्याकडून तो नंबर घेऊन त्या बाईंना फोन केला. पैसे मंजूर झाले आहेत. जागा तिचीच आहे. मेललाही उत्तर नाही म्हणून त्यांना वाटलं, तिला नको असेल. बुधवारी दुपारी नाताळासाठी ऑफिस बंद होणार, तोवर थांबतो म्हणाल्या.

निधी, बाई, मला काही राग नाही. घरचा नंबर तुझ्याकडे आहे. जिथे असशील तिथून कळव. लवकर कळव.